नाकारलेली नळी

"सीरम लाल दिसलं की नळी नाकारायची. 'पुन्हा पाठवा' असं लिहायचं. आणि का, ते विचारायचं नाही."

जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं त्याच दिवशी कृत्तिका नंदेश्वरला हा नियम मिळाला होता. देणारे होते विभागप्रमुख डॉ. पेंढारकर. एरवी वाक्यागणिक 'का' विचारणारी ही पोरगी या एका नियमापुढे गप्प राहिली होती, कारण नियम तिला पटला होता.

काढलेलं रक्त थोडा वेळ ठेवलं की गोठतं. यंत्रात घालून गरगर फिरवलं की गोठलेलं तळाला बसतं आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं. तेच सीरम. बहुतेक तपासण्या त्या पाण्यावर होतात. पण रक्त काढताना हात चुकला, सिरिंजचा दट्ट्या घाईनं ओढला, तर तांबड्या पेशी फुटतात आणि पाणी लाल होतं. त्या पाण्यावर निघालेला रिपोर्ट खोटं बोलतो. पूर्वी कधीतरी अशाच एका खोट्या रिपोर्टवर विसंबून एका बाईला नको ते औषध दिलं गेलं होतं. ती जेमतेम वाचली. त्यानंतर पेंढारकर सरांनी हा नियम भिंतीवर लावला.

कृत्तिकाचं संशोधन त्या नियमावरच उभं होतं. कोणत्या वॉर्डाच्या किती नळ्या नाकाराव्या लागल्या, म्हणजे कोणत्या वॉर्डाचा हात किती वाईट, हे तिनं वर्षभर मोजलं होतं.

जंगलाला लागून असलेल्या त्या सरकारी मेडिकल कॉलेजात शनिवारी विद्यार्थ्यांची संशोधन परिषद होती. बुधवारी सकाळी रंगीत तालीम झाली. आणि तालमीत, कृत्तिकाचा आलेख पडद्यावर असताना, मागच्या रांगेतून प्रश्न आला.

"हे रक्त कुणाचं?"

कृत्तिका थांबली.

"कुणाचं म्हणजे, सर?"

"तो उंच मनोरा आहे ना पडद्यावर. त्यातलं."

"पुरुष मेडिसिन वॉर्डाचं."

"वॉर्डाला रक्त असतं?"

कुणीतरी हसलं. कृत्तिका हसली नाही.

विचारणारे होते बोरकुटे सर. पॅथॉलॉजीचे जुने प्राध्यापक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी येऊन आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकापाशी बसत. त्यांना कुणी बोलावत नसे, कुणी हाकलतही नसे. पोरं त्यांना लवून नमस्कार करत आणि लगोलग सटकत. कारण सर उत्तर कधी देत नसत. प्रश्न तेवढा देत.

म्हाताऱ्याला आलेख वाचता येत नाही, असं कृत्तिकाच्या मनात आलं. लहान मुलाला समजवावं तशी ती सावकाश बोलू लागली.

"सर, हे प्रमाण आहे. प्रत्येक वॉर्डाच्या नाकारलेल्या नळ्यांचं. मनोरा जितका उंच, तितका हात वाईट. पुरुष मेडिसिनचा सगळ्यात उंच आहे, कारण तिकडचे इंटर्न सुई धरत नाहीत, भाला धरतात."

आता सभागृह मोकळेपणानं हसलं.

पल्लवी आत्राम हसली नाही. ती त्याच वॉर्डाची इंटर्न. हॉस्टेलवर तिची खोली कृत्तिकाच्या समोर होती. शोधनिबंधाच्या शेवटच्या ओळीत कृत्तिकाची शिफारस होती, की या वॉर्डाच्या इंटर्नना लेखी समज द्यावी. पल्लवीनं ती ओळ त्या सकाळी पडद्यावरच पहिल्यांदा वाचली.

पेंढारकर सर मदतीला धावले. "सर, तिनं नमुने मोजलेत. माणसं मोजणं हा विषयच नव्हता."

"हो ना," बोरकुटे सर म्हणाले. "तेच विचारतोय."



तालीम संपल्यावर कृत्तिकानं त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"सर, माझं काय चुकलं ते सरळ सांगा."

"आज आलीय का एखादी?"

"एखादी काय?"

"लाल नळी."

"रोजच येते. चला, दाखवते."

प्रयोगशाळेत नाकारलेल्या नळ्यांचा एक ट्रे होता. त्यात सकाळचीच एक नळी होती. कृत्तिकानं ती उचलली, आणि तिला बरंच वाटलं. आयता पुरावा मिळाला होता.

"हे बघा. पुरुष मेडिसिन. परवा लाल आली. परत पाठवायला सांगितलं, काल लाल आली. आज तिसऱ्यांदा तेच. हेच तर मी म्हणते आहे."

"नाव?"

नाव वाचायला तिला नळी फिरवावी लागली. "रैनू पोटावी."

"तुझ्या मनोऱ्यात हे किती?"

"तीन. मोजणी आज सकाळपर्यंतची आहे."

"तीन माणसं?"

"तीन चुका, सर."

बोरकुटे सरांनी नळी घेतली नाही. खिडकीकडे बोट दाखवलं. कृत्तिकानं ती उजेडात धरली.

"कशी दिसते?"

"खराब."

"रंग विचारला."

"लाल."

"अजून बघ."

वर्षभरात अशा कितीतरी नळ्या तिच्या हातून गेल्या होत्या. लाल की पिवळी, एवढं बघायला डोळ्याची एक उघडझाप पुरते. त्याहून जास्त वेळ तिनं एकाही नळीकडे पाहिलं नव्हतं.

ती बघत राहिली.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. आवाज जरा उतरला होता. "गढूळ नाही. पलीकडचे गज दिसतायत…"

"हं," सर म्हणाले. "वर चल."

प्रयोगशाळा तळमजल्यावर, वॉर्ड वर, आणि मध्ये एक जिना. खालून 'पुन्हा पाठवा' वर जाई, वरून नळी खाली येई. संशोधनाच्या अख्ख्या वर्षात कृत्तिका त्या कामासाठी तो जिना एकदाही चढली नव्हती. आज एक म्हातारा पुढे चढत होता, आणि तिला त्याच्या मागून हळू चालावं लागत होतं. त्याचाही तिला राग आला.

वॉर्डात रैनू पोटावी खाटेवर टेकून बसला होता. जंगलातल्या गावचा तरणा माणूस, पण ओठ पांढरे पडलेले आणि डोळे पिवळट. मलेरियासाठी दाखल झाला होता. पल्लवी सिरिंज घेऊन त्याच्याजवळ उभी होती. चौथ्यांदा रक्त काढायचं होतं.

"आलीस?" तिनं वर न बघताच विचारलं. "भाला बघायला?"

कृत्तिका काही बोलायच्या आत बोरकुटे सर जवळच्या स्टुलावर बसले.

"नंदेश्वर, बाही वर कर."

"माझी?"

"आत्राम, आधी हिचं काढ. मग त्याचं. सुई नवी, नळी नवी. हात तोच."

कृत्तिकाचा चेहरा उतरला. तिला सुईची भीती वाटे. लसीच्या दिवशी ती डोळे मिटून दुसऱ्याचा हात आवळून धरे. हे सबंध कॉलेजात एका पल्लवीलाच ठाऊक होतं, कारण आवळलेला हात पल्लवीचा असे.

"सर, याची काय गरज…"

सरांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

तिनं बाही वर केली. पल्लवीनं दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. सूड घ्यायला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

"पंख्याकडे बघ," पल्लवी हळूच म्हणाली.

कृत्तिका पंख्याकडे बघत राहिली.

"झालं."

"झालं?"

"दाबून धर कापूस."

रैनू हे सगळं कुतूहलानं पाहत होता. "ह्या बाई बी आजारी हायेत का?" त्यानं बोरकुटे सरांना विचारलं.

"थोड्या," सर म्हणाले.

पल्लवी हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

मग तिनं रैनूचं रक्त काढलं. तितक्याच सावकाश, तितक्याच हलक्या हातानं. कृत्तिका जवळून बघत होती. दट्ट्या कसा मुंगीच्या पावलानं मागे येतो, ते तिनं पाहिलं. त्यात काढण्यासारखी एकही चूक नव्हती.

"त्याला विचार," सर म्हणाले.

"काय विचारू?"

"तुला काय माहीत करून घ्यायचंय ते."

कृत्तिकानं तोंड उघडलं… आणि तसंच राहू दिलं. वर्षभराचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं. प्रश्न एकही नव्हता.

रैनू वाट बघत होता. आजारी माणूस बघतो तशी, घाई न करता.

तिनं पल्लवीच्या हातातली रैनूची नळी पाहिली. अजून ती काळसर तांबडी होती, फिरवायची होती. मग सकाळची आठवली. ते स्वच्छ लाल पाणी. पाणी लाल असेल, आणि हात चुकला नसेल, तर…

"दादा," ती म्हणाली, "लघवी कशी होते?"

"होते बराबर."

"रंग कसा असतो?"

"कोरा चाय असते ना. तसा."

पल्लवीचा हात जागच्या जागी थांबला.

"कधीपासून?"

"पयल्यांदा नव्हता. हितं गोळ्या चालू केल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिसापासून."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

रैनूला तो प्रश्न नवलाचा वाटला असावा.

"रोज रक्त नेत व्हते ना तुमी," तो म्हणाला. "मले वाटलं, रक्त सांगन."

पंखा फिरत राहिला…

खाली आल्यावर रक्त गोठेपर्यंत थांबणं भाग होतं. तिघं बाकावर बसली. एरवी कृत्तिकाला नुसतं बसणं जमत नसे. आज तिला जागचं हलावंसं वाटेना.

ज्या यंत्रात नळ्या फिरवतात, त्यात एक नळी एकटी घालता येत नाही. तोल जातो, यंत्र थडथडतं. बरोबर समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी लागते. रोज तिथं साध्या पाण्याची नळी घालत. कृत्तिकानं एका खाचेत रैनूची नळी घातली. पाण्याच्या नळीकडे तिचा हात गेला, आणि थांबला. समोरच्या खाचेत तिनं स्वतःची नळी ठेवली.

झाकण लागलं. घुंss असा आवाज चढत गेला. एकमेकांसमोरची दोन रक्तं एवढ्या वेगानं फिरू लागली, की कोणतं कुणाचं ते देवालाही सांगता आलं नसतं.

आवाज उतरला. यंत्र थांबलं.

तिनं दोन्ही नळ्या बाहेर काढल्या आणि खिडकीपाशी नेल्या.

एकीत वाळक्या गवताच्या रंगाचं पाणी होतं. कृत्तिकाचं.

दुसरीत अंबाडीच्या बोंडांचं सरबत भरल्यासारखं होतं. गडद, आरपार, उजेड पडताच आतून पेटल्यासारखं.

हात एकच. वेळ एकच.

हात चुकला नव्हता. त्याच्या पेशी नळीत फुटत नव्हत्या. त्या त्याच्या अंगात फुटत होत्या, बसल्या जागी, श्वासागणिक. आणि रक्त ते सांगत होतं. परवा सांगितलं, काल सांगितलं, आज सकाळी सांगितलं. ते खरं बोलत होतं, आणि तिनं प्रत्येक वेळी त्याच्या पुढ्यात चूक असं लिहिलं होतं.

"गोळी," ती म्हणाली. "मलेरिया मुळापासून जावा म्हणून देतात ती. काही माणसांच्या पेशींना ती सोसत नाही. जन्मतःच त्यांच्यात एक संरक्षण कमी असतं. सर, ती गोळी त्याला अजून चालू आहे…"



ती आणि पल्लवी जिन्यावरून धावत सुटल्या. या वेळी पुढे कुणी म्हातारा नव्हता.

वॉर्डाच्या रजिस्ट्रार डॉक्टरनं आधी पल्लवीकडे पाहिलं, मग नळ्यांकडे. तीन दिवस तो रिपोर्टची वाट बघत होता. रिपोर्ट येत नव्हता, आणि रक्त कमी होतंय ते मलेरियानंच, असं त्यानं धरलं होतं. त्यानं दोन्ही नळ्या खिडकीत शेजारी शेजारी धरल्या. मग रैनूच्या कागदावरची ती गोळी खोडली, आणि रक्तपेढीला फोन लावला.

कृत्तिका परत खाली आली तेव्हा बोरकुटे सर आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी होते. रैनूच्या रक्ताचा एक थेंब त्यांनी काचेवर पसरून, रंगवून ठेवला होता. ते स्टुलावरून उठले. तिला बसायला जागा करून दिली.

"बघ."

तिनं डोळा लावला.

तांबड्या पेशी गोल असतात. चकतीसारख्या, मध्ये फिकट. परीक्षेत तिनं त्या शंभरदा काढल्या होत्या. पण इथल्या बऱ्याच गोल नव्हत्या. कडेचा एकेक लचका गेलेला. उष्ट्या भाकरीसारख्या… आणि त्या तशाच, अर्ध्यामुर्ध्या, एकमेकींना खेटून, एका माणसाला जगवायला निघालेल्या.

किती वेळ ती बघत होती, तिला कळलं नाही. मान वर केली तेव्हा डोळ्याभोवती भिंगाचा वळ उठला होता, आणि सर घरी गेले होते.

शुक्रवारी रैनूच्या लघवीचा रंग उतरला. त्याला रक्त चढलं होतं. त्यानं पल्लवीला विचारलं, की हितं मासे मिळत नाहीत का.

शुक्रवारीच पेंढारकर सरांनी कृत्तिकाला बोलावलं.

"माणूस वाचला. फार चांगलं काम केलंस. त्याच्यावर आपण वेगळा लेख लिहू. तुझं नाव पहिलं."

"आणि उद्याचं, सर?"

"उद्या जे छापलंय ते वाचायचं. सगळं पुस्तिकेत गेलंय. परीक्षक नागपूरहून येतायत. पदक तुझंच आहे, मला कळतं ते."

"पण तो मनोरा बरोबर आहे का, मला माहीत नाही."

"एका माणसानं मनोरा पडत नाही, कृत्तिका."

"एकच होता की आणखी होते, ते मी पाहिलंच नाही, सर. मी नळ्या मोजल्या. वर जाऊन कुणाला विचारलं नाही."

पेंढारकर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. खरं तर थकलेले होते.

"तो नियम मोडायला निघालीस तर उद्या कुणीही लाल नळी मशीनवर चढवेल. मग मरेल कोण? ती बाई मरता मरता वाचली, मी पाहिलंय ते. तू नाही पाहिलंस. वाच, आणि खाली उतर. मोठ्यांचं एवढं ऐकायला काय हरकत आहे?"

ती तिथून निघाली ती थेट बोरकुटे सरांकडे. दार न वाजवताच आत शिरली.

"मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मी निवृत्त माणूस."

"हे नेहमीचं झालं," कृत्तिका म्हणाली. आता तिला आवरता येईना. "तुम्ही सगळे मोठे सारखेच. एकजण म्हणतो विचारू नकोस. दुसरा म्हणतो मी सांगणार नाही. सर, तुम्हाला बुधवारी सभागृहातच कळलं होतं. सरळ सांगितलं असतं, तर ती गोळी दोन तास आधी थांबली असती. दोन तास. त्याच्या अंगात काय चाललं होतं ते तुम्हीच मला दाखवलंत. आणि तुम्ही मला खिडकीत उभं करून रंग विचारत बसलात."

आपण फार बोललो, हे तिला कळत होतं. पण बोललेलं परत घ्यावं असं वाटत नव्हतं.

बोरकुटे सर तिच्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते. हसतही नव्हते.

"मला कळलं नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"सभागृहात मला काहीच कळलं नव्हतं. जिना चढतानाही नाही. लाल नळी आयुष्यभर मीही फेकली आहे."

"मग… तुम्ही विचारलंत ते?"

"माहीत नव्हतं म्हणून विचारलं."

कृत्तिका उभीच राहिली. एवढ्या वर्षांत सरांचे प्रश्न म्हणजे पोरांना पकडायचे सापळे, असंच सगळे धरून चालले होते. तीही. या माणसाला खरोखरच माहीत नसतं, आणि सत्तरी ओलांडल्यावरही तो भरल्या सभागृहात तसं विचारू शकतो, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. रागानं भरून आलेल्या तिला आता तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

ती वाकली नाही, पाया पडली नाही. तिला ते आवडत नसे. दार मात्र जाताना हळूच ओढून घेतलं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत अधिष्ठाता मॅडम, त्यांच्या बाजूला नागपूरचे परीक्षक, मग पेंढारकर सर. मागे सगळे विभागप्रमुख. एका पोरानं सर्पदंशावर वाचलं, दुसरीनं बाळंतिणींच्या रक्तक्षयावर. टाळ्या झाल्या, चहा झाला.

कृत्तिकाचं नाव पुकारलं. ती मंचावर गेली. नियम काय आहे आणि का आहे, ते तिनं सांगितलं. मोजणी कशी केली तेही सांगितलं. पडद्यावर मनोरा उभा राहिला. परीक्षकांनी मान डोलवली.

पुढे निष्कर्षाचं पान आलं. वॉर्डाचा दोष, इंटर्नना समज.

कृत्तिका थांबली.

थांबणं लांबलं, तशी माणसं खुर्च्यांत हलू लागली.

"निष्कर्ष," पेंढारकर सर खालून हळूच म्हणाले. "वाच."

"मी हा निष्कर्ष मागे घेते," कृत्तिका म्हणाली, आणि मनोऱ्याचं पान परत पडद्यावर आणलं. "या मनोऱ्यात रैनू पोटावी तीन वेळा आहे, दुसऱ्याची चूक म्हणून. चूक नव्हती. तो आजारी होता, आणि त्याचं रक्त तसंच होतं. माझ्याकडून झालं ते असं, की आजारी माणसाला मी वॉर्डाची चूक धरलं. असे आणखी किती आहेत, मला सांगता येत नाही."

परीक्षकांनी पुस्तिका चाळली. "पण छापलेला निष्कर्ष वेगळा आहे. आम्ही गुण कशावर द्यायचे?"

"देऊ नका, सर."

अधिष्ठाता मॅडम पुढे झुकल्या. त्यांचा आवाज मायेचा होता. "बेटा, घाबरू नकोस. हे सगळं चर्चेत सांगता येईल तुला. आधी छापलेलं वाच. नियम आहे परिषदेचा."

"घाबरले नाही, मॅडम. लाल नळी मशीनवर चढवा असं मी म्हणत नाही. पण ती ज्या माणसाची आहे त्याला वर जाऊन बघितल्याशिवाय, 'पुन्हा पाठवा' मी यापुढे लिहिणार नाही. आणि डॉ. पल्लवी आत्राम यांचा हात वाईट आहे, हे मी वाचणार नाही. त्या हातानं माझं रक्त काढलंय."

"कृत्तिका," पेंढारकर सर उभे राहिले. "शेवटचं सांगतो. वाच."

"नाही, सर."

ते उभेच राहिले. पडद्यावरच्या मनोऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि खाली बसले. अधिष्ठाता मॅडमनी हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. परीक्षकांनी पुस्तिका मिटली.

तेवढ्यात, पार मागून, बोरकुटे सर म्हणाले,

"इकडे मागे ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."